आजारी मुलाच्या खाटेवर सावल्यांचा खेळ

कर्करोग, थॅलेसेमिया, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार अशा दीर्घ आजारात मुलाच्या बाबतीतले जवळजवळ सगळेच मोठी माणसे ठरवतात: सुई केव्हा टोचायची, काय खायचे, शाळेत जायचे की नाही, उपचारासाठी मुंबईला कधी निघायचे. चित्र कशाचे काढायचे आणि कोणत्या रंगात, एवढे तरी त्याने स्वतः ठरवावे. त्यामुळे आई असो, मावशी असो वा वॉर्डात येणारी ताई, तिने मुलाच्या हातातला खडू घेऊन चित्र नीट करून देण्याचा मोह पहिल्या दिवसापासून टाळावा.

साहित्य बाहेर काढण्यापूर्वी त्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट कसा आहे, हे डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारावे. पांढऱ्या पेशी कमी असतील, तर माती, सुकी पाने, ताजी फुले आणि किनाऱ्यावरून वेचलेले शिंपले दूर ठेवावेत, कारण त्यांतली बुरशी व जंतू अशा मुलाला बाधू शकतात. आपल्याकडे अंगणात आणि पुळणीवर सहज मिळणाऱ्या वस्तू नेमक्या याच असल्याने हे आवर्जून सांगावे लागते. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, कमी असतील, तर कात्री आणि सुई मोठ्यांच्याच हाती असावी. तोंड आलेल्या मुलाला नळीने रंग फुंकायला देऊ नये, आणि किमोनंतर उग्र वासाने मळमळत असल्याने तैलरंग व वासाचे गोंद वापरू नयेत. खडू, ब्रश प्रत्येक मुलाचे वेगळे असावेत आणि सुरुवातीला दोघांनीही साबणाने हात धुवावेत.

गणपतीच्या दिवसांत शाळेत, म्हणजे मूर्ती घडतात त्या चित्रशाळेत, रमणाऱ्या मुलाला शाडूची माती नाकारणे जड जाते. तिच्या जागी मोदकाची उकड उत्तम. एक वाटी पाण्याला उकळी आणून थोडे तेल आणि वाटीभर तांदळाचे पीठ घालावे, झाकून वाफ आणावी आणि पूर्ण निवल्यावर मळावे. कच्च्या पिठातही जंतू असू शकतात. उकड शिजलेली असते, शिवाय इतकी मऊ की अशक्त बोटांनाही वळवता येते. ती त्याच दिवशी वापरून टाकून द्यावी.

अंथरुणावर पडून करता येण्यासारखा सर्वांत समाधान देणारा उपक्रम मात्र सावल्यांचा. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रे दाखवून कथा सांगण्याची चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा जपली असून, तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या चामड्याच्या बाहुल्यांसारखी बाहुली आपण ड्रॉइंगच्या नव्या जाड कागदाची करू शकतो. मुलाने तळहाताएवढी आकृती काढावी. मोठ्यांनी ती कापावी आणि एक हात वेगळा कापून खांद्याशी भोक पाडून दोऱ्याने जोडावा. दोऱ्याला दोन्ही बाजूंनी गाठ मारताना किंचित सैल ठेवावे, म्हणजे हात झुलतो. घट्ट बांधल्यास कागद दुमडतो. गुंडाळलेल्या कागदाची एक नळी पाठीला आणि दुसरी त्या हाताला चिकटवावी. पांढरी चादर ताणून तिच्यामागे मोबाइलची बॅटरी लावावी. बाहुली चादरीजवळ असेल तर सावली रेखीव दिसते, प्रकाशाकडे नेली की मोठी आणि पुसट होते. हे मुलाला न सांगता त्याचे त्याला सापडू द्यावे. समई किंवा मेणबत्ती मुळीच नको. ऑक्सिजन चालू असताना तर ज्योत जवळ आणणेच धोक्याचे. सलाईनचा हात उशीवर ठेवून दुसऱ्या हाताने खेळता येते. तेवढेही त्राण नसेल, तर मुलाने हुकूम सोडावेत आणि बाबांनी बाहुली नाचवावी.

गोष्ट मुलाचीच असावी. दशावतारातला संकासुर त्याने जिंकवला, तर जिंकू द्यावा. काळा रंग भरपूर वापरला म्हणजे मूल खचले आहे, असा निष्कर्ष काढू नये. ‘इथे काय चाललंय?’ एवढेच विचारून थांबावे. ते मरणाविषयी बोलू लागले, तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नये, शांतपणे ऐकून घ्यावे आणि उपचार करणाऱ्यांच्या कानावर घालावे.

व्हिन्क्रिस्टिनसारख्या कर्करोगावरच्या औषधाने हाताची पकड ढिली पडते. अशा वेळी पेन्सिलीला स्पंजची पट्टी गुंडाळावी. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. रक्त चढवताना किंवा डायलिसिसला काही तास जातात, तरी तो सगळा वेळ भरून काढण्याचा हट्ट धरू नये.

मुलाने बाहुली फाडली तरी रागावू नये, आणि फोटो कोणाला पाठवायचा असल्यास त्याला आधी विचारावे. उपचारासाठी मुंबईत परळला केलेल्या खेपेत आई मुलाजवळ असते आणि गावी राहिलेले भावंड एकटे पडते. त्याला गोष्टीतला पुढचा प्रसंग रंगवायला सांगून त्याचा फोटो मागवावा. मग त्या प्रसंगात काय घडेल, हे आजारी भावाने किंवा बहिणीने फोनवरून कळवावे.