जुना लॅपटॉप अपग्रेड करताय? आधी या चुका टाळा

लॅपटॉप रखडायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो ‘रॅम (म्हणजे चालू कामांसाठीची मेमरी) वाढव’. माझा आग्रह वेगळा आहे. पैसे काढण्याआधी विंडोजचा टास्क मॅनेजर (कोणता भाग किती वापरात आहे ते दाखवणारी खिडकी) उघडा, नेहमीची कामं सुरू ठेवा आणि नेमकं काय अडतंय ते पाहा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर, मेमरी मात्र निम्मी रिकामी आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर नव्या रॅमने काही होणार नाही, एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका. मेमरीही काठोकाठ भरलेली असेल तर दोन्ही लागतील, कारण रॅम पुरेना की विंडोज आपला पसारा डिस्कवरच मांडते.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते न बघता रॅम मागवण्यात. डीडीआर३एल आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन प्रकारांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसऱ्याच्या जागी बसतच नाही. शिवाय नावावर जाऊ नका. सेकंडहँड बाजारात खूप दिसणारा लेनोवोचा थिंकपॅड टी४८० उदाहरणादाखल घ्या: त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत. त्याच्याच भावंडात, टी४८०एसमध्ये, काही रॅम बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) आणि स्लॉट एकच. एक्स१ कार्बनमध्ये तर सगळीच सोल्डर केलेली. ४ जीबीचा असा लॅपटॉप स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, त्याला पुढे वाटच नाही. दोन स्लॉट असतील तर रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला त्याचा चांगला फायदा होतो.

एसएसडीतही असाच घोळ होतो. एम.२ हा फक्त आकार झाला. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही, हे एसएसडीच्या जोडणीचे दोन वेगळे प्रकार. स्लॉट फक्त साटाचा असेल तर एनव्हीएमई बसलेली दिसली तरी लॅपटॉपला ती सापडणार नाही. मॉडेलचं हार्डवेअर मॅन्युअल कंपनीच्या साइटवर असतं, ते वाचूनच ऑर्डर द्या. जुन्या डिस्कवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. ती नसेल तर काढलेल्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं परत मिळणार नाहीत.

आता उघडण्याबद्दल. टी४८०ला दोन बॅटऱ्या असतात. मागची काढली म्हणजे वीज बंद झाली असं समजून लोक थेट बोर्डाला हात घालतात, आतली मात्र चालूच असते. आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय निवडा. त्यानंतर काम होईपर्यंत चार्जर लावू नका, लावला की ती पुन्हा चालू होते. खालच्या झाकणाचे स्क्रू सैल होतात पण निघत नाहीत, ते तसेच बनवलेले आहेत, ओढू नका. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललेलं वाटलं, तर वापरच थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या.

रॅम लावल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. पहिल्या वेळी नवी मेमरी ओळखायला थोडा वेळ लागतो, एखादं मिनिट थांबा. तरीही काही दिसलं नाही तर पट्टी काढून तिरकी आत सरकवा आणि दोन्ही बाजूंच्या पकडी ‘टक’ करून बसेपर्यंत खाली दाबा. बहुतेक वेळा पट्टी अर्धवट बसलेली असते. मग एकेक पट्टी लावून पाहा, म्हणजे दोष पट्टीत की स्लॉटमध्ये ते कळेल.

विंडोज १०चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि टी४८० सातव्या पिढीतही विकला गेला होता. म्हणून दुकानात बाहेरच्या स्टिकरवर विसंबू नका. लॅपटॉप सुरू करून प्रोसेसरचा नंबर पाहा आणि बायोसमध्ये शिरून बघा. तिथे पासवर्ड विचारला आणि दुकानदाराला तो माहीत नसेल, तर तो लॅपटॉप तिथेच ठेवून या.