ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायची असेल तर: प्लॅब परीक्षेचा क्रम कसा लावावा

भारतात एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला ब्रिटनमध्ये रुग्ण तपासायचे असतील, तर तेथील जनरल मेडिकल कौन्सिलची, म्हणजे जीएमसीची नोंदणी आणि प्रॅक्टिसचा परवाना, दोन्ही हवेत. (आपल्याकडे जीएमसी म्हटले की गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज आठवते, या लेखात मात्र ब्रिटनची कौन्सिलच अभिप्रेत आहे.) एमआरसीपी किंवा एमआरसीएससारखी पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना वेगळी वाट उपलब्ध असते, नुकतीच इंटर्नशिप संपवलेल्या बहुतेकांसाठी मात्र प्लॅब ही दोन भागांची परीक्षाच मुख्य दरवाजा आहे. तिचा अभ्यास आपल्या विद्यार्थ्याला झेपण्यासारखा असतो. फसगत होते ती क्रमात, कारण या वाटेवरच्या अनेक कागदांना मुदत असते.

सुरुवात अभ्यासाने न करता पासपोर्टने करावी. पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र आणि वैद्यकीय परिषदेची नोंदणी शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकावरचे नाव अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. आडनाव आधी छापण्याची आपल्याकडची पद्धत, मधले वडिलांचे नाव एका कागदावर असणे आणि दुसऱ्यावर नसणे, लग्नानंतर बदललेले आडनाव, या गोष्टी इथे कोणाला खटकत नाहीत. परदेशी पडताळणीत मात्र त्यांतून दोन वेगळ्या व्यक्ती उभ्या राहतात. दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र जे काही करायचे ते याच वेळी उरकावे. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्यांनी एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेचा प्रश्नही इथेच निकालात काढावा.

त्यानंतर इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएस द्यायची असेल तर तिचा अकॅडमिक प्रकार निवडावा. एकाच बैठकीत एकूण 7.5 आणि चारही विभागांत किमान 7 गुण लागतात. ओईटी या पर्यायी इंग्रजी परीक्षेत चारही विभागांत बी श्रेणी आवश्यक असते, आणि तिचे विषय वैद्यकीय असल्याने रेफरल पत्र लिहिण्याची सवय असलेल्याला ती जवळची वाटते. निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. म्हणून ही परीक्षा घाईघाईने देऊन निकाल नुसता ठेवून देऊ नये. पुढचे दोन्ही भाग आणि नोंदणीचा अर्ज या दोन वर्षांत बसतील असा हिशेब आधी मांडावा.

प्लॅबचा पहिला भाग लेखी असतो: तीन तासांत 180 बहुपर्यायी प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. ही परीक्षा भारतातल्या केंद्रांवरही देता येते. नीट पीजीच्या तयारीत मुरलेल्या विद्यार्थ्याने एक सवय मात्र बदलायला हवी. येथे दुर्मीळ सिंड्रोमपेक्षा आज रात्री ड्यूटीवर असताना सर्वप्रथम काय करायचे, हे विचारले जाते, आणि उत्तर ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अपेक्षित असते. ब्रँडच्या नावाने औषधे लक्षात ठेवणाऱ्यांनी जेनेरिक नावांवर यावे.

पहिल्या भागाच्या निकालाची वाट पाहत असतानाच पदवीची पडताळणी सुरू करावी. एपिक या सेवेमार्फत पदवीची प्रत मूळ विद्यापीठाकडे जाते आणि विद्यापीठाने ती खरी असल्याचे कळवल्याशिवाय नोंदणी पुढे सरकत नाही. हा वेळ आपल्या हातात नसतो.

दुसरा भाग मँचेस्टरलाच द्यावा लागतो, तोही पहिला भाग उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. त्याचे शुल्कच सुमारे हजार पौंडांच्या घरात जाते. शिवाय व्हिजिटर व्हिसा, विमान आणि मुक्कामाचा खर्च. परीक्षेत रुग्णाशी बोलण्याचे, त्याला तपासण्याचे 16 नकली प्रसंग असतात. दाराबाहेर दीड मिनिट सूचना वाचायची, मग आत आठ मिनिटे. माहिती काढणे, उपचाराची दिशा ठरवणे आणि माणसाशी वागणे या तिन्हींना वेगळे गुण असतात.

समजा आत टॅक्सीचालक बसला आहे आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली आहे. आपल्या गर्दीच्या ओपीडीत तयार झालेला डॉक्टर पटकन एमआरआय आणि ईईजी सांगून मोकळा होईल. परीक्षक मात्र वाट पाहत असतो ती दुसऱ्याच गोष्टीची: आता गाडी चालवता येणार नाही आणि परवाना खात्याला हे स्वतःहून कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, हे तुम्ही त्याला सांगता का, आणि ते ऐकून त्याचा चेहरा पडला की थांबता का. ‘तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?’ हा साधा प्रश्न इंग्रजीत सहज तोंडी येईपर्यंत मित्राला समोर बसवून, घड्याळ लावून सराव करावा. ‘काही होत नाही, काळजी करू नका’ हे आपले हुकमी वाक्य तेथे उपयोगी पडत नाही.

दोन्ही भाग झाले की नोंदणीचा अर्ज करावा; त्यासाठीही दुसऱ्या भागापासून दोन वर्षांचीच मुदत असते. इंटर्नशिपचा दाखला हाताशी असावा. चांगल्या वर्तणुकीचे, म्हणजे गुड स्टँडिंगचे प्रमाणपत्र मात्र सर्वांत शेवटी मागवावे, कारण ते तीनच महिने ग्राह्य असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण थकले असेल तर ते त्याआधी करून घ्यावे.

नोंदणी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली, असा समज मात्र करून घेऊ नये. एनएचएसमधल्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या कनिष्ठ पदांसाठी स्पर्धा सध्या फार तीव्र आहे, आणि प्रशिक्षणाच्या जागांसाठी ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण तेथील सरकारने 2025 च्या जुलैमध्ये जाहीर केले. त्यामुळे मँचेस्टरचे तिकीट काढण्यापूर्वी ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या दोन-तीन सीनियरशी बोलून घ्यावे, त्यांनी किती अर्ज केले आणि कितींना उत्तर आले हे स्पष्ट विचारावे, आणि नियुक्तिपत्र हातात पडेपर्यंत इथली नोकरी किंवा पीजीची तयारी सोडू नये.