अरुंद झालेल्या हृदयझडपेवर उपचार कधी करावा?

महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप उतारवयात कॅल्शियम साचून ताठर आणि अरुंद होत जाते. ही प्रक्रिया रोखेल असे सिद्ध झालेले औषध नाही. त्यामुळे प्रश्न उरतो तो झडप कधी बदलायची याचा. घाई केली तर शस्त्रक्रियेचा धोका आणि कृत्रिम झडपेची झीज लवकर पदरात पडते, आणि उशीर केला तर दाबाविरुद्ध राबून जाड झालेला हृदयाचा स्नायू नव्या झडपेनंतरही पूर्ववत होईलच असे नाही.

सुरुवात इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालापासून करावी. निरोगी झडपेचे तोंड ३ ते ४ चौरस सेंटीमीटर उघडते. ते १ चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून कमी उरले, झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरवर गेला किंवा झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातील सरासरी फरक ४० मिलिमीटर पाऱ्यावर पोहोचला, की आजार तीव्र मानतात. तोंड लहान पण वेगही कमी, अशी विसंगती दिसली तर अहवाल सौम्य समजून बाजूला ठेवू नये. हृदयातून रक्तच कमी फेकले जात असेल तर वेग फसवा ठरतो, आणि अशा वेळी सीटी स्कॅनवर कॅल्शियम मोजून निर्णय करता येतो.

तीव्र आजारासोबत श्रमाने धाप लागणे, छातीत दुखणे किंवा भोवळ येणे यांपैकी एकही लक्षण असेल, तर वाट पाहू नये. लक्षणे सुरू झाल्यावर झडप न बदलल्यास सुमारे निम्मे रुग्ण दोन वर्षांत दगावतात.

खरी गफलत होते ती ‘मला काहीच त्रास नाही’ या उत्तरात. एका दमात दोन मजले चढणारा माणूस पहिल्या मजल्यावर मोबाइल पाहण्याच्या निमित्ताने थांबू लागतो, पुढे लिफ्ट धरतो, आणि आपण थांबतो हे त्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणून ‘दम लागतो का?’ असे न विचारता ‘वर्षभरापूर्वी करत होतात असे कोणते काम सोडले?’ असे विचारावे, आणि तेही घरच्यांसमोर. तरीही शंका राहिली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी करता येते. लक्षणे उघड असतील तर मात्र ती करू नये.

खरोखरच लक्षणे नसतील, तरी हृदयाची आकुंचनक्षमता (दर ठोक्याला डाव्या जवनिकेतील किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते ते प्रमाण) ५० टक्क्यांखाली गेली, ट्रेडमिल चाचणीत रक्तदाब घसरला, रक्ताचा वेग सेकंदाला ५ मीटरवर पोहोचला किंवा वर्षाला ०.३ मीटरने वाढत राहिला, तर उपचाराची वेळ आली असे धरून तज्ज्ञांशी बोलावे. यांपैकी काहीच नसेल, तर तीव्र आजारात दर ६ ते १२ महिन्यांनी आणि मध्यम आजारात १ ते २ वर्षांनी इको करावा. वाढीचा वेग तुलनेतूनच कळतो, तेव्हा जुने अहवाल जपून ठेवावेत.

संधिवाताच्या तापाने (ऱ्हुमॅटिक फिव्हर) अरुंद झालेल्या मायट्रल झडपेचा, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधील झडपेचा, हिशेब वेगळा आहे. तेथे तोंड १.५ चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून लहान झाले आणि धाप लागू लागली, की फुग्याने झडप उघडण्याचा विचार होतो. मात्र झडप लवचीक हवी, तिची गळती फार नसावी आणि डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) रक्ताची गुठळी नसावी. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने ही तपासणी दिवस राहण्यापूर्वीच करून घ्यावी, कारण गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते आणि तोवर गप्प असलेली झडप धाप लावते.