डबा उघडण्याआधी: हट्टी मांजराला ओल्या खाण्यावर आणायची तयारी

मनीसमोर मी पहिल्यांदा ओल्या खाण्याची, म्हणजे डब्यात किंवा पाऊचमध्ये मिळणाऱ्या रसदार तयार खाण्याची, ताटली ठेवली तेव्हा तिने एकदा हुंगलं, दोन पावलं मागे सरली आणि लिटरमध्ये (मांजराच्या शी-शूच्या वाळूत) घाण झाकतात तशी पंजाने ताटलीभोवतीची फरशी खरवडायला लागली. मग कोरड्या दाण्यांच्या रिकाम्या वाटीपाशी जाऊन बसली ती बसलीच. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि लहानपणापासून कुरकुरीत दाण्यांवरच वाढली होती. आज ती दिवसातून तीनदा ओलं खाते, पण तिथवर यायला अडीच महिने लागले. त्यातले पहिले तीन आठवडे वाया गेले, कारण मी कसलीच तयारी न करता थेट डबा उघडला होता. म्हणून ही यादी डबा उघडायच्या आधीची.

खटाटोप कशासाठी, ते आधी सांगते. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. त्यांना पाणी मिळायचं ते मुख्यतः शिकारीतून, त्यामुळे मांजराला तहान मुळातच कमी लागते. कोरड्या दाण्यांत पाणी असतं जेमतेम 8 ते 10 टक्के, ओल्या खाण्यात 75 ते 80 टक्के. दाणे खाणारं मांजर वाटीतलं पाणी पितं खरं, पण ती तूट पुरती भरून निघत नाही. लघवी घट्ट राहते, आणि मूत्राशयाचा त्रास असलेल्या मांजरांना ते जड जातं. शिवाय त्याच वजनाच्या दाण्यांपेक्षा ओल्या खाण्यात कॅलरी खूप कमी असतात, म्हणून लठ्ठ मांजराचं पोट भरूनही वजन आटोक्यात ठेवता येतं. चांगल्या प्रतीचे दाणे म्हणजे विष नव्हे, हेही तितकंच खरं. निम्मं ओलं, निम्मं कोरडं इथवर गाडी आली तरी मांजराचा फायदाच आहे.

यादीतलं पहिलं काम डॉक्टरांकडे जाण्याचं. ज्याला आपण नखरे म्हणतो ते कधीकधी दुखणं असतं. दात खराब झालेला किंवा हिरडी सुजलेली असेल तर मांजर ताटलीपर्यंत येतं, हुंगतं आणि निघून जातं. सर्दीने नाक चोंदलं असेल तर त्याला अन्नाचा वासच येत नाही, आणि वास नाही म्हणजे मांजराच्या लेखी ते अन्नच नाही. तेव्हा तोंड तपासून घ्या, आणि वय झालं असेल तर रक्त-लघवीही. मधुमेह असून इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय खाणं अजिबात बदलू नका. कमी कर्बोदकांच्या ओल्या खाण्यावर इन्शुलिनची गरज झपाट्याने कमी होऊ शकते, आणि जुनाच डोस चालू राहिला तर साखर धोकादायक इतकी खाली येते. किडनीसाठी किंवा मूत्रखड्यांसाठी खास खाणं चालू असेल तरी तेच: त्याचा ओला पर्याय डॉक्टरांनाच विचारा.

दुसरं काम वजनाचं. मांजराला कडेवर घेऊन आपल्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, हा उपाय इथे पुरत नाही. चार किलोच्या मांजराचं वजन आठवड्याला 40 ते 80 ग्रॅमपेक्षा जास्त उतरू नये, आणि एवढा बारीक फरक त्या काट्यावर दिसतच नाही. तान्ह्या बाळांचा वजनकाटा मिळवा. ठरलेल्या वारी, सकाळी, खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. त्याच वहीत रोज ताटलीत किती ग्रॅम खाणं वाढलं आणि किती उरलं हेही लिहायचं. ताटली आधी आणि नंतर स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवली की झालं. ‘बरंच खाल्लंय की’ हा अंदाज दर वेळी चुकतो.

तिसरी गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा. चोवीस तास मांजराच्या पोटात काही गेलं नाही, तर सगळे प्रयोग थांबवून जुनं खाणं द्यायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. ‘भूक लागली की खाईल झक मारत’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मांजराच्या बाबतीत हा सल्ला जिवावर बेतू शकतो. मांजर उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती पेलवत नाही आणि ते निकामी व्हायला लागतं. लठ्ठ मांजराला हा धोका सगळ्यात जास्त, आणि त्यासाठी दोन-तीन दिवसांचा उपासही पुरतो. बरेच दिवस अर्धपोटी राहणंही तितकंच वाईट. पिल्लांच्या बाबतीत तर चोवीस तासही थांबू नका.

मग हट्टी मांजर नवं खाईल ते कशाच्या जोरावर? भुकेच्याच, पण ठरलेल्या वेळी लागणाऱ्या भुकेच्या. उपास वेगळा आणि वेळेवर लागलेली भूक वेगळी. दिवसभर दाण्यांची वाटी भरलेली असेल तर मांजराला खरी भूक कधी लागतच नाही, मग समोर काहीही ठेवा. म्हणून नवा डबा उघडण्याआधी दोन आठवडे फक्त वेळापत्रक बसवा, खाणं जुनंच. दिवसभराचे दाणे सकाळीच मोजून काढा आणि तीन-चार वेळांना वाटून द्या. दर वेळी वाटी वीस ते तीस मिनिटं ठेवायची, मग उचलायची. पहिले दोन दिवस मांजर उरलेलं खायला परत येईल आणि वाटी नाही म्हणून ओरडेल. तेव्हा त्याच्याशी खेळा, जवळ घ्या, पण वाटी पुन्हा समोर ठेवू नका. चार-पाच दिवसांत ते वेळेच्या आधीच स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसायला लागतं. मनी घड्याळ लावल्यासारखी संध्याकाळी सातला ओट्याखाली यायला लागली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल. रिकाम्या पोटी पहाटे पिवळं पाणी ओकणारी मांजरं असतात, त्यांना झोपण्याआधी एक छोटा वाढप ठेवा. आणि हे सगळं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. एकाने हळूच दिलेल्या मूठभर दाण्यांनी दोन आठवड्यांची मेहनत वाया जाते.

हे दोन आठवडे खरेदीला वापरा. पाकिटावर ते खाणं संपूर्ण आहार आहे की पूरक, हे आधी बघा. पूरक खाणं कितीही आवडलं तरी त्यावर मांजर जगवता येत नाही. टॉरिन हा घटक मांजराचं शरीर स्वतः पुरेसा बनवू शकत नाही, आणि तो कमी पडला की डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. याच कारणासाठी कुत्र्याचं खाणं किंवा नुसतं उकडलेलं चिकन मांजराचं रोजचं जेवण होऊ शकत नाही. लेबलवरचे आकडे वाचताना पाणी वजा करून वाचा. ओल्या पाऊचवर प्रथिनं 10 टक्के आणि दाण्यांवर 32 टक्के दिसली की ओलं खाणं फिकं वाटतं. पण पाऊचमध्ये 78 टक्के पाणी असेल तर कोरडा ऐवज उरतो 22, आणि त्यातले 10 म्हणजे 45 टक्के. दाण्यांचा हाच हिशोब 90 मधले 32, म्हणजे 36 टक्क्यांच्या आत येतो.

एकाच चवीचा खोका घाऊक आणू नका. मांजर चवीइतकंच, कधी चवीपेक्षाही जास्त, पोतावर अडतं: गुळगुळीत पॅटे (वाटलेल्या मांसाचा घट्ट लगदा), मूस (तसाच, पण हलका), रश्शातले तुकडे, बारीक रेषे. प्रत्येकाचं एकेक लहान पाऊच आणा, आणि शक्यतो सध्याच्या दाण्यांत जो प्राणी आहे त्याच प्राण्याचं. दाण्यांवर वाढलेल्या मांजराला जिभेला चिकटणारा लगदा अनोळखी असतो. आमच्याकडे पॅटेला शेवटपर्यंत नकार मिळाला आणि रस्सा मात्र पहिल्यांदा चाटला गेला.

ताटली उथळ, चिनी मातीची किंवा स्टीलची घ्या. प्लास्टिकला जुना वास धरून राहतो. जागा शांत आणि लिटर ट्रेपासून लांब हवी. दोन मांजरं असतील तर दोन खोल्या.

ऊब मात्र विसरू नका. मांजराला गोड चव कळत नाही, आणि एकूणच त्याची जीभ आपल्यापेक्षा खूप कमी चवी टिपते. खायचं की नाही हे नाक ठरवतं. फ्रिजमधून काढलेल्या थंड खाण्याला वास नसतो. ताज्या शिकारीचं तापमान असतं साधारण 37-38 अंश, तेवढं कोमट करा. छोट्या वाटीत खाणं घ्या, ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा, ढवळा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच चटका देणारे भाग राहतात. एकदा जीभ पोळली की मांजर ते खाणं पुढे कित्येक दिवस लक्षात ठेवतं.

आता पायऱ्या कागदावर लिहून काढा. नवं खाणं जुन्यात कालवू नका, हे माझं ठाम मत. मांजराचा ज्यावर विश्वास आहे ते खाणं बिघडलं, तर दोन्ही हातचं जाईल. ओल्याची ताटली वेगळी आणि दाण्यांच्या वाटीच्या शेजारी. सुरुवातीला मटाराच्या दाण्याएवढं ओलं नुसतं ठेवायचं, हुंगलं तरी तो दिवस जमा धरायचा. मग त्यावर दोन-तीन दाणे टेकवायचे, म्हणजे दाणा उचलताना खालचा रस्सा ओठाला लागतो. मग दाणे अर्धे रुतवायचे. पुढे दाण्यांचा मिक्सरमधून चुरा करून वर भुरभुरायचा आणि हळूहळू चुरा कमी, ओलं जास्त. एका पायरीवर सलग तीन दिवस नीट खाल्लं तरच पुढची पायरी. अडलं तर एक पायरी मागे या, त्यात काही बिघडत नाही. ओलं वाढेल तसे दाणे कॅलरीच्या हिशोबाने कमी करा: 100 ग्रॅम दाण्यांत साधारण 350 ते 400 कॅलरी असतात, 100 ग्रॅम ओल्यात बहुधा 70 ते 110. औषधाची गोळी या नव्या खाण्यात कधीही लपवू नका, आणि बळेच तोंडात कोंबू नका.

वरून घालायला चिकन उकडलेलं पाणी चालतं, पण त्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. तयार सूपमध्ये आणि मसाल्याच्या क्यूबमध्ये बहुधा कांद्याची पूड असते, म्हणून ते नकोच. दूधही नको, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

उघडं ओलं खाणं तासाभराने उचलून टाकून द्या, उकाड्यात त्याहून लवकर. उघडलेला डबा झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर दोन दिवसांत संपवा. मग लिटर बघत राहा. लघवीने होणारे वाळूचे गोळे मोठे झाले आणि वाटीतलं पाणी कमी संपायला लागलं तर घाबरू नका, पाणी आता खाण्यातून जातंय. वाटी तरीही रोज भरा. शी एक-दोन दिवस पातळ झाली तर एक पायरी मागे या, त्याहून जास्त टिकली किंवा रक्त दिसलं तर डॉक्टर. मांजर, विशेषतः बोका, ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी दवाखाना गाठा.

सुरुवातीला असा आठवडा निवडा की घरात पाहुणे नाहीत, रंगकाम नाही, कुणी गावाला जाणार नाही. जुन्या दाण्यांचं एक न उघडलेलं पाकीट कपाटात असू द्या, आणि त्यावरची तारीख बघून ठेवा.