आरतीचं लाइव्ह अडखळू नये म्हणून

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीतून गणपतीची आरती यूट्यूबवर लाइव्ह दाखवायची आहे आणि मंडळाकडे चार कोअरचा जुना लॅपटॉप आहे. अशा वेळी ओबीएस या लाइव्ह दाखवायच्या मोफत सॉफ्टवेअरमधल्या एक्स२६४ एन्कोडरचा, म्हणजे चित्र दाबून लहान करणाऱ्या भागाचा, सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

चित्र अडखळलं की बहुतेक जण आधी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, कमी करतात. त्याआधी ओबीएसमधली स्टॅट्सची (आकडेवारीची) खिडकी उघडा. एन्कोडिंग लॅगमुळे स्किप झालेल्या फ्रेम वाढत असतील तर प्रोसेसर पुरत नाही. रेंडरिंग लॅग (चित्र जुळवायला होणारा उशीर) वाढत असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे. जास्तीचे सोर्स (दृश्यात जोडलेले कॅमेरे, चित्रं, मजकूर) काढा, ओबीएस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. नुसत्या ड्रॉप्ड (नेटवरून न पोचलेल्या) फ्रेम वाढत असतील तर दोष नेटचा. बिटरेट कमी करणं हा फक्त या तिसऱ्यावरचा इलाज.

प्रोसेसर पुरत नसेल तर आधी पिक्सेल कमी करा. १०८०पीच्या फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, ७२०पीमध्ये ९.२ लाख. आउटपुट १२८० बाय ७२० आणि २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम) ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कॅमेऱ्याचं शटर १/५० ठेवलं की ट्यूबलाइटच्या पट्ट्या सरकत नाहीत. प्रीसेट, म्हणजे एन्कोडरनं किती मेहनत घ्यायची ते, व्हेरीफास्ट ठेवा; तरी फ्रेम स्किप झाल्या तर त्याहून हलका सुपरफास्ट. अल्ट्राफास्ट शेवटचा उपाय, कारण त्याच बिटरेटला उधळलेल्या गुलालाचे चौकोन दिसू लागतात. रेट कंट्रोल सीबीआर (कायम एकसारखा बिटरेट), बिटरेट ३००० केबीपीएस, कीफ्रेम (अख्खं चित्र पाठवणारी फ्रेम) दर २ सेकंदांनी. ट्यून रिकामं ठेवा. त्यात झीरोलेटन्सी (उशीर टाळणारा पर्याय) निवडलं की बी-फ्रेम आणि लुकअहेड, म्हणजे पुढच्या फ्रेम पाहून बिट वाचवायच्या युक्त्या, बंद होतात आणि चित्र बिघडतं. आरती थोडी उशिरा दिसल्यानं काही अडत नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते उजेडाकडे. मंडप अंधारा असला की कॅमेरा आपोआप आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवतो आणि चित्रात बारीक दाणे वळवळू लागतात. एन्कोडर आधीच्या फ्रेमशी जुळणारा भाग शोधतो आणि फक्त फरक पाठवतो. दाणे दर फ्रेमला बदलतात, त्यामुळे जुळणी सापडत नाही, बिट दाण्यांवरच खर्च होतात आणि मूर्तीचे डोळे, सोंडेवरची नक्षी पुसट होते. मूर्तीच्या बाजूला एक स्थिर एलईडी लाइट लावा, आयएसओ हातानं खाली आणून लॉक करा. मागच्या लुकलुकणाऱ्या माळा स्थिर मोडवर ठेवा. एवढ्यानं जो फरक पडतो तो कुठल्याच प्रीसेटनं पडत नाही.

रेकॉर्डिंगही हवं असेल तर त्यात स्ट्रीमचाच एन्कोडर निवडा, नाहीतर तेच चित्र दोनदा एन्कोड होतं. फाइलचा फॉरमॅट एमकेव्ही ठेवा; मध्येच लाइट गेली तरी तोवरची फाइल वाचते.

नेटसाठी राउटरपासून लॅन केबल ओढा. आरतीला जमलेल्या सगळ्यांचे फोन त्याच टॉवरवर असतात, तेव्हा हॉटस्पॉटचा भरवसा धरू नका. अपलोड किमान ६ एमबीपीएस मिळायला हवा, तोही संध्याकाळी मोजलेला.

चार्जर लावलेलाच ठेवा आणि लॅपटॉपखालचं सॅटिनचं कापड काढा; त्यानं हवेची जाळी बुजते, प्रोसेसर तापून आपला वेग उतरवतो आणि स्किप्ड फ्रेम सुरू होतात. हे व्हायला वेळ लागतो, म्हणून आदल्या संध्याकाळी सगळे दिवे लावून अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांनाच दिसणाऱ्या) लाइव्हची चाचणी किमान अर्धा तास चालवा.