ड्रायवॉलच्या आत वाळवी लागली तर फोम कसा मारायचा

अमेरिकेत आपली घरं लाकडी सांगाड्याची, त्यावर ड्रायवॉल (जिप्समचे पातळ बोर्ड), म्हणजे भिंत आतून पोकळ, आणि टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियासारख्या गरम दमट भागात जमिनीतली वाळवी तिथूनच वर चढते, बाहेरचा रंग मस्त आणि आत लाकूड पोखरलेलं. पातळ औषध अशा पोकळीत सरळ खाली निघून जातं, फोम फुगून लाकडाला सगळीकडून लागतो, म्हणून फोम.

बेसबोर्डजवळ (भिंतीच्या तळाची पट्टी) वाळवीची मातीची नळी दिसली की पहिल्यांदा ती खरवडून काढावीशी वाटते, प्लीज काढू नका!! वाळवी तो रस्ता सोडते, दुसरीकडून चढते आणि मग शोधत बसा. झुरळांचा स्प्रे पण नको, त्यात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड प्रकारचं कीटकनाशक असतं, ते वाळवीला कळतं आणि ती तिथून लांब राहते. फोम घेताना फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड या औषधाचा बघा, ते तिला कळत नाही, हळू मारतं, तोवर ती एकमेकींना चाटून, भरवून ते पुढे पोचवते.

आता भिंत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, कुठे आवाज बदलतो तिथे खूण करा. आतले उभे खांब बहुतेक घरात 16 इंचांवर असतात, दोन खांबांमधल्या एका गाळ्यातला फोम शेजारच्या गाळ्यात जात नाही म्हणून प्रत्येक गाळ्याला वेगळी भोकं लागतात, एक खाली आणि एक वर. वीज चालू असतानाच स्टड फाइंडरने (भिंतीतले खांब आणि वायर शोधणारं यंत्र) वायर तपासा, मग ब्रेकर बंद करा, स्विच आणि पाइपपासून लांब राहा. ड्रायवॉल साधारण अर्धा इंच जाड असते, ड्रिलच्या बिटला तेवढ्यावर टेप गुंडाळली की बिट जास्त आत घुसत नाही. भोक फक्त फोमच्या डब्याची नळी जाईल एवढंच. गॉगल, ग्लोव्हज घाला, मुलं आणि कुत्री-मांजरं दुसऱ्या खोलीत.

नळी घालून थोडं दाबा, थांबा, परत दाबा, कारण बटण सोडल्यावरही फोम फुगत राहतो. वरच्या भोकातून फेस डोकावला की तो गाळा भरला. किती मारायचा ते डब्याच्या लेबलवर असतं, त्याच्यापेक्षा जास्त मारणं इथे कायद्यानेच चालत नाही. बाहेरच्या भिंतीत इन्सुलेशन असतं, तिथे फोम नीट पसरत नाही, भोकं खांबाला चिकटून पाडा.

फोम भिंतीतल्या वाळवीसाठी आहे, वारूळ जमिनीत असतं, त्यामुळे पायाभोवतीच्या मातीची ट्रीटमेंट लायसन्सवाल्याकडून करून घ्याच. गळका पाइप दुरुस्त करा, भिंतीला टेकलेला मल्च (झाडांभोवती पसरलेला लाकडाचा भुसा) मागे ओढा. खांबच मऊ लागला तर फोम राहू दे, आधी कॉन्ट्रॅक्टरला दाखवा.

आणि हाच डबा भारतातल्या घरासाठी नेऊ म्हणाल तर तिकडच्या विटांच्या किंवा चिऱ्याच्या भरीव भिंतीत फोम जाणारच कुठे, तिथे पेस्ट कंट्रोलवाला चौकटीत आणि भिंतीच्या कडेने फरशीत भोकं पाडून पातळ औषध भरतो तेच बरोबर.