उद्यमबागेत नवीन आलात? मग इंग्रजी वाक्प्रचारांकडे जरा लक्ष द्या

मी 2006 साली सांगोल्याहून बेळगावला आलो आणि उद्यमबागेत हायड्रॉलिकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. निघताना गावात सगळ्यांनी कन्नडची भीती घातली होती. पण कन्नड गल्लीत, बसमध्ये, किराणा दुकानात कानावर पडत गेलं. वाक्याच्या शेवटी 'री' लावून आदराने बोललं की समोरचा माणूस निम्म्या चुका पोटात घालतो. मी अडलो ते इंग्रजीपाशी. एक साहेब धारवाडकडचे, दुसरे केरळचे, स्टोअरचे अण्णा खानापूरचे आणि माल जाणार परदेशी, त्यामुळे मेल आणि मीटिंग इंग्रजीत. शब्द सगळे शाळेतले, अर्थ मात्र भलताच.

माझ्या दुसऱ्याच महिन्यात कस्टमरचा मेल आला: 'प्लीज डू नॉट कट एनी कॉर्नर्स.' ड्रॉइंगवर 0.5 बाय 45 अंशांचा चॅम्फर, म्हणजे कडेची धार मारून केलेला तिरका काप, स्पष्ट दाखवलेला होता. मला वाटलं, कस्टमरने तो रद्द केला. कोपरे मारू नका असंच लिहिलंय की! 40 ब्लॉक मी तसेच धारदार सोडले. असेंब्लीत पहिल्याच ब्लॉकमध्ये सील बसवताना पोर्टच्या, म्हणजे तेलाच्या भोकाच्या, धारेने ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) सोलली गेली आणि काळ्या रबराचा केसासारखा बारीक धागा फिटरच्या बोटावर आला. तो धागा मला अजून दिसतो. सगळा लॉट परत मशीनवर चढवावा लागला.

'कट कॉर्नर्स' म्हणजे वेळ किंवा पैसा वाचवायला काम कसंतरी उरकणं. आपल्या भाषेत, पाट्या टाकणं. एवढंच त्याला सांगायचं होतं. म्हणून मेल आणि ड्रॉइंग यांचा मेळ बसत नसेल तर मशीन चालू करण्याआधी जाऊन विचारा. विचारणाऱ्याला इथे कुणी कमी लेखत नाही.

रोज कानावर पडणारे आणखी काही सांगतो. 'आर वी ऑन द सेम पेज?' असं साहेबांनी विचारलं तर ड्रॉइंगची पानं उलटू नका. आपल्या सगळ्यांना एकच गोष्ट समजलीय ना, असं ते विचारतायत. 'द बॉल इज इन युअर कोर्ट' यातलं कोर्ट टेनिसचं. पुढची हालचाल तुम्ही करायची आहे, असा त्याचा अर्थ. हे वाक्य आलेला मेल तसाच पडू देऊ नका, कारण समोरचा तुमच्याच उत्तराची वाट बघत असतो. 'लेट्स कॉल इट अ डे' म्हणजे आजचं काम इथेच थांबवू. 'बॅक टु स्क्वेअर वन' म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. 'वन्स इन अ ब्लू मून'ला आपलं सठीसहामाशी चपखल बसतं. 'रेन चेक'चा मात्र इथल्या पावसाशी संबंध नाही. अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला की पुढच्या सामन्यासाठी चिठ्ठी मिळायची, तिला रेन चेक म्हणत. आता कुणी 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणालं, तर आज जमत नाही, पुन्हा कधीतरी, एवढंच समजा.

'टेबल'पाशी खास सांभाळा. इंग्लंडचा माणूस 'लेट अस टेबल धिस' म्हणतो तेव्हा विषय चर्चेला घ्यायचा असतो. अमेरिकेचा माणूस तेच म्हणतो तेव्हा तो बाजूला ठेवायचा असतो. कस्टमर कुठला आहे ते पाहूनच अर्थ लावा.

अर्थ पाठ करण्यापेक्षा आपल्या म्हणीशी जोडला की तो विसरत नाही. हे मला जेवणाच्या सुट्टीत उमगलं. एका नव्या पोराने खराब टूलचं कारण सांगितलं, तेव्हा केरळचे साहेब म्हणाले, 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स.' मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. धारवाडकडचे साहेब हातातली भाकरी खाली ठेवून म्हणाले, 'कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते,' म्हणजे नाचता न येणारी म्हणे जमीनच वाकडी! तिन्ही भाषांत तीच गोष्ट. त्या दिवसापासून मी वहीत तीन रकाने आखले. अशी वही तुम्हीही करा आणि तिसऱ्या रकान्यासाठी कन्नड सहकाऱ्यालाच विचारा. ओळख वाढवायला इतकी चांगली वाट मला दुसरी सापडली नाही.

ऐकून समजायला लागलं तरी लिहिताना घाई नको. परदेशी कस्टमरला 'आउट ऑफ स्टेशन' किंवा 'डू द नीडफुल' लिहू नका. आपल्याकडे ते सर्रास चालतं, तिकडे वाचणारा अडखळतो. त्याऐवजी 'मी गावाला गेलोय, सोमवारी येईन', 'ड्रॉइंग तपासून शुक्रवारपर्यंत कळवा' असं सरळ इंग्रजीत लिहा. पहिले काही मेल पाठवण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या अनुभवी माणसाला दाखवा. चहाच्या वेळेला गेलात तर तो बसून नीट वाचून देईल.